ड्रॉवरमधली वाटी

दादा, सकाळी सवयीनं मशीन चालू केलं, ते तापलं, दिवा हिरवा झाला, आणि मग आठवलं की आज कॉफी निघायची नाही. उद्याही नाही. का नाही ते सांगते पुढं. तरी मी मशीन बंद केलं नाही. खुर्ची ओढते, बसते, उठते. मघाशीच पुसलेला ओटा परत पुसते. तू असतास तर म्हणाला असतास, "मंदे, एका जागी बूड टेकव की गं." नाही टेकवत. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि मला तुझ्याशी एक भांडण संपवायचंय.

कोणतं भांडण ते तुला माहीत आहे. मी तुला म्हणाले होते की तुझे डोळे गेले. चाळीस वर्षं लेथवर उभं राहून केसाच्या जाडीची मापं काढणाऱ्या माणसाला, त्याच्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं, कॉफीची पूड दाबायच्या एका दट्ट्यापायी. तो शब्द मी मागे घेतला नाही. आज घेऊ, उद्या घेऊ करत राहिले. तू तर जायच्या अकरा दिवस आधी माझ्याच घरी कॉफी पिऊन गेलेला, चांगला हसत गेलेला. घाई आहे असं कुणाला वाटलं असतं?

बाकीचं सगळं पेपरातल्या चौकटीत छापून आलं. कुठला, कुठं नोकरीला, मागे कोण कोण. त्यातलं मला काही लिहायचं नाही. मला दट्ट्याबद्दल लिहायचंय.

मी औरंगपुऱ्यातल्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि पहिलं काय केलं, तर एस्प्रेसोचं मशीन घरी आणलं. जन्मभर ऑफिसातला उकळून उकळून काळा पडलेला चहा प्यायले होते, आता आपल्या मनासारखी कॉफी प्यायची असं ठरवलं होतं. लेक म्हणाली, आई, भारी. तू म्हणालास, "येडी झाली का?" मशीनभोवती तू एक फेरी मारलीस, मागून वाकून पाहिलंस, बोटानं पत्रा वाजवलास. "घोटभर कॉफी काढाया एवढं धूड?" मी म्हटलं, दादा, ती दाबाखाली काढतात. दाब म्हटल्याबरोबर तुझा चेहरा बदलला. "किती बारचा पंप हाय?" मग तू अर्धा तास पंपाबद्दल विचारत राहिलास आणि मी काढलेली कॉफी गार होऊन गेली. तू ती तशीच एका दमात प्यायलास, तोंड वाकडं केलंस आणि म्हणालास, "साखर कुठंय?"

मशीन आणलं म्हणजे झालं, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. मशीन म्हणजे नुसती नवरी, रुखवत पुढंच. पूड मोजायला बारीक वजनकाटा लागतो. पुडीतल्या गुठळ्या मोडायला सुयांची ढवळणी लागते. पूड वाटीत दाबायला दट्ट्या, दाबताना ओट्याला इजा नको म्हणून खाली रबराचा पट, वापरलेला गाळ आपटून काढायला दांडीचा डबा, दूध फेसाळायला चोचीचा चंबू, नळ्या साफ करायची पावडर, आणि वर पाणी. मी सगळ्याची यादी केली आणि ऑनलाइन मागवायला बसले. तू ती यादी माझ्या हातातून ओढून घेतलीस.

"हे सगळं इकत घ्यायचं व्हय?"

"मग?"

"कामून? आपण काय मेलो काय?"

खिशातलं पेन काढून तू एकेका ओळीपुढं लिहीत गेलास. ढवळणी – करतो. पट – करतो. गाळाचा डबा – करतो. दट्ट्या – करतो. वजनकाट्यापुढं जरा थांबलास, तोही करावा असं तुझ्या मनात येऊन गेलं हे मला दिसलं, पण मग 'विकत' असं लिहिलंस. ती यादी अजून फ्रिजवर आहे. तुझा तो 'करतो'मधला क, पोट फुगलेला, शाळेत गुरुजींनी छड्या मारूनही न सुधारलेला.

आणि तू केलंस, खरंच. शेंद्र्याला कंपनीतून रिटायर झाल्यावर तू आणि हमीदभाईंनी मिळून टाकलेल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका लेथवर, बाहेरची कामं संभाळून तू माझा कॉफीचा संसार मांडलास. जुन्या स्कूटरच्या क्लच वायरचे बारीक तंतू काढून ते लाकडी मुठीत बसवलेस, झाली ढवळणी. कन्व्हेयर बेल्टचा चौकोनी तुकडा कापून आणलास, झाला पट. त्याला रबराचा असा वास की मी तो आठ दिवस गच्चीत उन्हात टाकला होता. गाळाचा डबा तर इतका मजबूत केलास की त्यावर जीप उभी राहील. चंबूचा प्रयत्न मात्र फसला. स्टीलच्या तांब्याला पकडीनं चोच काढायला गेलास आणि तांब्या फाटला. वहिनीचा तांब्या होता तो. तू तो तसाच मांडणीत मागं लपवून ठेवलास आणि मला म्हणालास, "चंबू इकत घे, आन् हे तुझ्या वहिनीला बोलू नको."

पाण्यावरून आपण किती भांडलो. बोअरचं घालू नको, नळ्यांत खडे धरतील, असं तू. नळाचं पाणी आठवड्यातून एकदा येणार, ते प्यायला पुरेना, मशीनला कुठून घालू, असं मी. फिल्टरचं घालते म्हटलं तर ते फार मेलेलं असतं, त्यानं चव जाईल, हे तूच म्हणायचास, ज्याला कॉफीची चव साखरेशिवाय कळत नव्हती. मग एक दिवस तू निळा जार खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आलास. कुठलं पाणी म्हटलं तर म्हणालास, पिशोरचं. आपल्या गावाकडच्या विहिरीचं. मी हसले तुला. आज त्या जारच्या तळाशी चार बोटं पाणी आहे आणि मला ते ओतवत नाही, वापरवतही नाही.

तर दट्ट्या.

त्याच्यासाठी तू वाटी मागितलीस. म्हणजे मशीनच्या मुठीत बसते ती छिद्रांची वाटी, जिच्यात पूड भरतात. "नमुना दे, दोन दिवसांनी परत देतो." आता इथं मी काय केलं ते नीट ऐक. मशीनबरोबर दोन वाट्या आल्या होत्या. एक साधी, मी रोज वापरायचे ती. दुसरी दुहेरी तळाची, खाली एकच बारीक छिद्र असलेली. ती नवशिक्यांसाठी असते, कशीही पूड घातली तरी फेस येतो. ती मी पहिल्या आठवड्यातच ड्रॉवरमध्ये टाकली होती. तुला नमुना द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या मनात आलं, रोजची दिली तर दोन दिवस कॉफी बुडेल. आणि मी ड्रॉवर उघडला. दोन्ही वाट्या एकाच मुठीत बसतात, बाहेरून सारख्या दिसतात, म्हटलं वाटी ती वाटी. दोन सकाळच्या कॉफीसाठी, दादा. दिली आणि विसरूनही गेले.

तू दट्ट्या आणून दिलास तो वाटीसकट, तेलाचा हात लावून, मलमलीच्या फडक्यात गुंडाळून. खाली चकचकीत स्टील, वर बाभळीची मूठ. "बस, तुला एक गंमत दाखवतो," तू म्हणत होतास. मला महिला मंडळाच्या मीटिंगला जायचं होतं. "नंतर दाखव रे," मी म्हटलं आणि चपला घातल्या. वाटी परत ड्रॉवरमध्ये टाकली, दट्ट्या ओट्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी वापरला तर कडेनं फट. पूड मध्ये दाबली जायची, कडेला भुसभुशीत कडं राहायचं, आणि पाणी तिथूनच पळून जायचं. कॉफी आंबट पाणी. आठवडाभर झगडले आणि मग दट्ट्या पर्समध्ये टाकून भर दुपारी शेंद्र्याला आले.

"ढिला आहे," मी म्हटलं.

तू हातातलं फडकं खाली ठेवलंस. "काय हाय?"

"ढिला. कडेला फट राहते."

"मपला माल ढिला?" तू हमीदभाईंकडं वळलास. "ऐकलं का? ढिला म्हणती."

"कुछ तो गलती होरी ताई," हमीदभाई म्हणाले. "दादा का काम वैसा नै रैता."

"वाटी आण," तू म्हणालास. "उद्या वाटी घेऊन ये, मंग बोलू."

मी इतक्या उन्हात आलेली, परत यायचं म्हणून डोकं भडकलं. "वाटी दोन दिवस तुझ्याकडंच होती. तेव्हा काय मोजलंस?"

"व्हर्नियर खोटं बोलत नाय, मंदे."

"व्हर्नियर नाही बोलत. पण वाचणाऱ्याचं काय? वय झालं आता, दादा. डोळे गेलेत तुझे. ती बारीक कामं सोडून दे."

लेथ बंद होता, त्यामुळं ते शेडभर ऐकू गेलं. मी वाट पाहत होते की तू आता तोंड सोडशील, आपण दोघं पाच मिनिटं कचाकचा भांडू आणि मग हमीदभाई चहा सांगतील. तू फक्त दट्ट्या घेतलास, उजेडाकडं धरलास, अंगठा त्याच्या कडेवरून फिरवलास, आणि परत माझ्या हातात दिलास. मग चष्मा काढून पुसत बसलास. मी रिक्षात बसले तेव्हाही पुसतच होतास.

तू न भांडणारा माणूस नव्हतास. मापाच्या बाबतीत तर नव्हतासच. पिशोरला दाराच्या चौकटीवर तू खिळ्यानं माझ्या उंचीच्या खुणा करायचास, आठवतं? मी टाचा उचलायचे आणि तू माझ्या पायावर पाय देऊन म्हणायचास, "टाच टेकव." मी रडले तरी तू कधी बोटभर वरती रेघ मारली नाहीस. आईनं सांगितलं, मार रे पोरीच्या समाधानासाठी, तरी नाही. आयटीआयला गेलास आणि पहिल्या सुट्टीत व्हर्नियर घेऊन घरी आलास, तेव्हा मला समोर बसवून ते वाचायला शिकवलंस. मोठी पट्टी आधी, मग बारीक पट्टीवरची कोणती रेघ जुळते ते. मी बांगडी मोजली, पेन्सिल मोजली, ज्वारीचा दाणा मोजला. तू खूश. सगळ्यांना सांगत सुटलास, आमची मंदी टर्नर होणार.

म्हणजे मला मोजता येत होतं, दादा. पहिल्यापासून येत होतं.

शेंद्र्याहून घरी येऊन मी एक तयार दट्ट्या ऑनलाइन मागवला. तो बसला बरोबर. मी मनात म्हटलं, बघ. तुझा मागं, डब्यांच्या रांगेत ठेवला. फोनवर आपण बोलत होतो, गावाकडचं, वहिनीच्या गुडघ्याचं, पण त्या विषयाला दोघंही शिवत नव्हतो.

मग तो रविवार. तू न सांगता आलास. ओट्यावर, तू कापून आणलेल्या पटावर, दुसऱ्याचा दट्ट्या उभा होता. तो लपवायला मला सवड मिळाली नाही. तू पाहिलास. मी पाठ करून पूड दळायला लागले, दळण्याच्या आवाजात बोलावं लागत नाही म्हणून. तू साखरेसाठी चमचा शोधत ड्रॉवर उघडलास. मागं वळून पाहिलं तर तुझ्या हातात ती ड्रॉवरमधली वाटी. दुसऱ्या हातानं तू ओट्यावरची रोजची वाटी उचललीस. एकीत अंगठा घातलास, फिरवलास. मग दुसरीत घातलास, फिरवलास. परत पहिलीत.

"दोन व्हय?" तू म्हणालास.

"हो, मशीनसोबतच आल्या. ती मी वापरत नाही."

तू हसायला लागलास. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज करून हसलास, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी विचारलं, काय झालं? "काय नाय. साखर दे." त्या दिवशी तू आयुष्यात पहिल्यांदा दुसरा कप मागितलास. जाताना जिन्यात काहीतरी गुणगुणत होतास. मला वाटलं, राग गेला ह्याचा, बरं झालं, आता माफी मागायचीही गरज नाही.

अकरा दिवसांनी वहिनीचा फोन आला.

तुझ्या पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. पिशोरहून दोन जीप भरून माणसं आली. पांढरी साडी नेसून मी पुढच्या रांगेत बसले होते, वंदना चालू होती आणि मला तिच्यात मन लावता येत नव्हतं. तुझ्या फोटोच्या चौकटीचा एक कोपरा उघडा होता, सांधा नीट जुळला नव्हता. तुझ्या फोटोला, दादा. मी तिथंच उठून तो दाबायला गेले आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. हमीदभाई मागं भिंतीला टेकून उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

कार्यक्रम झाल्यावर वहिनीनं मला आत बोलावलं आणि तुझं व्हर्नियर हातात दिलं, त्याच्या लाकडी पेटीसकट. "ताई, हे तुम्हीच न्या. पोराला ह्यातलं काही कळत नाही." मग पदरानं पेटी पुसत म्हणाली, "मधी त्यांना काय झालतं काय माहीत. दोनदा डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन आले. डॉक्टर म्हणला, नजर चांगली हाय. तर म्हणत, डॉक्टरला काय कळतंय. पेपर लांब धरून बघायचे, जवळ धरून बघायचे. हमीदभाईला म्हणले म्हणे, बारीक काम आता तुम्हीच करा."

मी विचारलं, कधीची गोष्ट? तिनं सांगितलं. मी शेंद्र्याला येऊन गेले त्याच आठवड्यापासून.

वहिनीला काही माहीत नव्हतं. तू तिला सांगितलं नव्हतंस की कोण काय बोललं. मी पेटी छातीशी धरून तिच्यासमोर उभी राहिले आणि माझ्या तोंडून ते बाहेर पडलं नाही. आता ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल. वहिनी, ते मी बोलले होते. आणि तुमचा तांब्या दादानं फाडला होता, तो मांडणीत मागं आहे.

घरी आले आणि मला चैन पडेना. दोन दिवस मी घरातली प्रत्येक वस्तू मोजत फिरले. ग्लासाची जाडी, दाराची कडी, माझ्या हातातली बांगडी. रेघा जुळवता येत होत्या, तू शिकवलेलं डोक्यात तसंच होतं. ऑनलाइनचा दट्ट्या मोजला. रोजची वाटी आतून मोजली, अठ्ठावन्न पॉइंट सहा. मग डब्यांमागून तुझा काढला. सत्तावन्न पॉइंट ब्याऐंशी. म्हणजे पाऊण मिलिमीटरनं कमी. मला वाटलं, खरंच गेले होते का रे डोळे तुझे? पाऊण मिलिमीटर म्हणजे तुझ्या हिशेबानं बैलगाडी जाईल एवढी जागा. असं कसं होईल? परत मोजलं. तेच. मी ड्रॉवर उघडला, तो कशासाठी हे मलाही माहीत नव्हतं, बहुतेक अजून काहीतरी मोजायला हवं होतं म्हणून.

ड्रॉवरमधली वाटी आतून सत्तावन्न पॉइंट नऊ भरली.

मी उभ्याउभ्या तुझा दट्ट्या त्या वाटीवर ठेवला आणि हात काढून घेतला. तो पडला नाही. सावकाश, आपल्या आपण, खाली उतरत गेला, आतली हवा त्या एका बारीक छिद्रातून सुस्कारा सोडल्यासारखी निघत होती. मी वाटी उचलून छिद्रावर बोट धरलं. दट्ट्या मध्येच थांबला, हवेवर उभा राहिला. बोट काढलं, परत उतरायला लागला. हीच ती गंमत. हीच तू मला दाखवणार होतास, आणि मी चपला घालत होते.

किती वेळा केलं ते मोजलं नाही. मग दोन्ही वाट्या, तुझा दट्ट्या आणि व्हर्नियर पर्समध्ये घातलं आणि काल शेंद्र्याला गेले.

हमीदभाई एकटेच होते. तुझं स्टूल तिथंच, त्यावर तुझं फडकं. मी वाट्या त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी एक उचलली, दुसरी उचलली आणि मान हलवली. त्यांना काही नवीन वाटलं नाही, दादा. त्यांना माहीत होतं.

"उस इतवार कू तुम्हारे घर से आए ना," ते म्हणाले, "सीधे मेरे घर आए. हसते हुए. बोले, हमीद, मेरा नाप बराबर था रे. बहन ने डब्बा दूसरा दिया था. सोमवार से फिर सब बारीक काम खुद लेने लगे. मेरेकू हाथ नै लगाने दिए."

"मग मला का नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलेच. "तिथंच का नाही सांगितलं? तोंडावर का नाही बोलला?"

"मैं भी बोला, ताई कू फोन लगाओ. बोले, नक्को. उसकू नापना आता. मैंने सिखाया. एक दिन खुद नापेगी, फिर फोन करेगी. तब देख मैं कैसा लेता उसको." हमीदभाई हसले आणि मग त्यांना हसता येईना. "रोज राह देखते थे ताई. फोन बजा की बोलते, मंदी का होगा. चाय पीते पीते बोलते, आज आएगा देख."

दादा, मला राग आलाय तुझा. तू माझ्यावर दया करून गप्प बसला असतास तर मी रडून मोकळी झाले असते. तू दया केलीच नव्हतीस. तू मजा साठवून ठेवली होतीस. तू एक एक वाक्य जुळवून ठेवलं असशील मला ऐकवायला, मी ओळखते तुला. आणि मी त्या अकरा दिवसांत तुला दोनदा फोन केला, एकदा गॅसच्या नंबरासाठी आणि एकदा बियाणं कुठं मिळतं विचारायला. दोन्ही वेळा तू "हां बोल, बोल" असा किती घाईनं म्हणालास. मला वाटलं, कामात आहे. मी लवकर फोन ठेवला.

एवढं मात्र बरं झालं की तुझे डोळे तुला परत मिळाले होते. शेवटचे अकरा दिवस तू आपल्या नजरेवर भरवसा ठेवून लेथवर उभा होतास. ते माझ्यामुळं गेले होते आणि माझ्यामुळं परत आले नाहीत, तुझ्या अंगठ्यामुळं आले. तरी मी त्याला धरून बसलेय.

हमीदभाईंनी विचारलं, नवीन दट्ट्या करून देऊ का, रोजच्या वाटीच्या मापाचा. मूठ हीच ठेवू, फक्त खालचा स्टीलचा भाग बदलू. मी म्हटलं, ह्याला हात लावायचा नाही, हा आहे तसाच बरोबर आहे. नवा करा, सगळाच नवा. मग ते म्हणाले, नमुना लागेल. मी रोजची वाटी पुढं केली. त्यांनी ती हातात घेऊन माझ्याकडं पाहिलं. "येच रोज की है ना ताई? पक्का?"

"पक्का. मोजून आणलीय."

ड्रॉवरमधली वाटी आणि तुझा दट्ट्याही त्यांनी ठेवून घेतला. म्हणाले, चार दिवस राहू दे इथं, मेरेकू अच्छा लगता. मी निघाले तेव्हा ते स्टूलजवळ उभं राहून दट्ट्या वाटीत सोडत होते, छिद्रावर बोट धरत होते, परत सोडत होते.

म्हणून घरात आज एकही वाटी नाही. मशीन तापून उभं आहे आणि चार दिवस कॉफी नाही. दोन दिवसांची मी तेव्हा वाचवली होती.

मघाशी तुझ्या नंबरावर फोन लावला. रिंग गेली, वहिनीनं उचलायच्या आत मी बंद केला. तिला काय सांगणार होते? जे सांगायचं ते तुलाच सांगायचं होतं, आणि तू ते ऐकायला बसला होतास, तर ऐक.

मोजलं, दादा. तुझ्याच व्हर्नियरनं, तीनदा मोजलं. दट्ट्या ढिला नव्हता. वाटी मी चुकीची दिली होती. घे, आता हस किती हसायचं ते.